मामांची वही आणि एडिंबरोची युक्ती

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं पगाराचं सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला आलं, तेव्हा ते बरीच वर्षं वापरात होतं. व्हीबी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेलं. लिहिणारा केव्हाच सोलापूर सोडून गेलेला. विणकरांचा पगार आठवड्याचा, नगावर. किती टॉवेल उतरले, कुठल्या क्वालिटीचे, तिचा दर काय, आणि त्यातून उचल वजा. हिशेब म्हणून यात अवघड काही नाही. तरी मधूनच एखाद्याची चिठ्ठी कमी भरायची आणि पुढच्या आठवड्यात सगळं आपोआप बरोबर यायचं. नेमकं हेच मला सतावत होतं. रोज चुकणारा प्रोग्राम सापडतो, कधीतरी चुकणारा सापडत नाही.

पगाराच्या आदल्या दिवशी दिवाणजींचा फोन आला म्हणून मी आमच्या ज्युनिअर मुलीला घेऊन कारखान्यात गेले. एक वयस्क विणकर ऑफिसात बसून होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. हातात छोटी वही, त्यात तेलुगूत पाळीवार नोंदी.

"मॅडम, रातपाळीला मी जॅकार्ड काढलो. ह्यात प्लेनचा दर लावलेत की."

"कॉम्प्युटरनं काढलेला आकडा हाय मामा, मी काय हातानं घातलो नाही," दिवाणजी म्हणाले.

जॅकार्ड म्हणजे नक्षीचा टॉवेल, प्लेन म्हणजे साधा. मी वहीतला आठवडा रजिस्टरशी ताडून पाहिला. वही बरोबर होती. ज्या माणसाचं घर त्या आकड्यावर चालतं, त्याला दर वेळी खोटं ठरवून परत पाठवलं जात होतं. मी मामांना सांगितलं की तुमचंच बरोबर आहे, उद्या पैसे पूर्ण मिळतील. मग आम्ही दोघी दिवाणजींच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून बसलो.

जुना कोड वाचत बसलो असतो तर रात्र गेली असती. ज्युनिअर म्हणाली, "ताई, नोंदी उलट्या क्रमानं घातल्या तरी प्रत्येकाचा पगार तोच यायला पाहिजे ना?" तिनं हे एफ शार्प या भाषेत एका ओळीत लिहिलं आणि जुन्या व्हीबीच्या कोडवर एफएसचेक हे चाचणीचं साधन सोडलं. हे साधन स्वतःच मनाला येईल तशा नोंदींच्या याद्या तयार करतं आणि नियम कुठे मोडतो ते बघतं. मोडला की ती यादी लहान करत जातं, आणखी लहान केली तर चूक दिसेनाशी होईल अशा टोकापर्यंत.

नियम लगेच मोडला. स्क्रीनवर शेवटी दोनच नोंदी उरल्या. पहिली : प्लेन, नग 0, दर 1 पैसा. दुसरी : दुसरा विणकर, जॅकार्ड, नग 1, दर रिकामा.

या दोन ओळींत सगळा आजार होता. पहिल्या विणकरानं एकही टॉवेल काढलेला नाही, तरी त्याच्यामुळे दुसऱ्याचा पगार बदलतो. म्हणजे नग नव्हे, दर एका नोंदीतून दुसरीत सांडतोय. आणि साधन दर 1 वर येऊन थांबलं, 0 वर गेलं नाही. म्हणजे दर 0 असला की चूक होत नाही. मी कोडमध्ये थेट शून्याशी तुलना शोधली. सापडली. 'चालू दर' नावाचं एक व्हेरिएबल होतं. नोंदीत दर रिकामा असेल आणि चालू दर शून्य असेल, तरच दरपत्रकात बघायचं. नाहीतर आधीच्या नोंदीचाच दर पुढे चालवायचा. एरवी स्क्रीन दर आपोआप भरत असे. रातपाळीत मागावरची क्वालिटी बदलली आणि कागदावरून हातानं नोंद घातली, तरच तो रकाना रिकामा राहत असे. आधीची नोंद त्याच क्वालिटीची असली तर आकडाही बरोबर यायचा. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हे साधन कुठून आलं, हे मी परतीच्या वाटेवर ज्युनिअरला सांगत होते. तिला ते नुसतं उपयोगी पॅकेज म्हणून माहीत होतं. मला मात्र त्यात फंक्शनल प्रोग्रामिंगचं, म्हणजे गणितातल्यासारखी फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीचं, चाळीस वर्षांचं संशोधन दिसतं.

जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं आणि 1960 च्या निबंधात ती भाषा मांडली. फंक्शन हे मूल्यासारखं दुसऱ्या फंक्शनला देता येतं, आणि नको झालेली मेमरी भाषेनं स्वतः परत घ्यायची, या दोन्ही गोष्टी तिथून चालत आल्या. पीटर लँडिन यांनी 1966 मध्ये इस्विम ही कागदावरचीच भाषा मांडली. पुढच्या कित्येक भाषांचा सांगाडा तोच. मग 1970 च्या दशकात एडिंबरोत रॉबिन मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएल ही भाषा घडवली, ती एलसीएफ या प्रमेयं सिद्ध करणाऱ्या प्रणालीसाठी. व्यापारी सॉफ्टवेअर कुणाच्या मनातही नव्हतं. पुढे डेव्हिड टर्नर यांची मिरांडा ही भाषा आली, 1985 मध्ये. आणि 1987 मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत संशोधकांनी ठरवलं की सुट्या सुट्या भाषा पुरे, सगळ्यांची मिळून एक करू. त्यातून 1990 मध्ये हॅस्केल आली.

हॅस्केल लेझी आहे : गरज पडेपर्यंत काहीच मोजायचं नाही. एकदा हे स्वीकारलं की कुठली गोष्ट कधी मोजली जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे फंक्शननं गुपचूप बाहेरचं व्हेरिएबल बदलणं चालतच नाही. ही अडचण त्यांनी टाळली नाही, म्हणूनच पुढचं संशोधन झालं असं मला ठामपणे वाटतं. इनपुट-आउटपुट करायचं कसं, या प्रश्नावर युजेनिओ मॉज्जी यांचे मोनॅड (अशा कामांचे टप्पे क्रमानं गुंफायची गणिती रचना) फिलिप वॉडलर यांनी प्रोग्रामिंगमध्ये आणले. टाइप म्हणजे मूल्याचा प्रकार, संख्या की अक्षरं वगैरे. एकाच नावाचं फंक्शन प्रत्येक टाइपला वेगळं ठरवू देणारे, वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांचे टाइप क्लास 1989 चे. या सगळ्याच्या पायावर 2000 मध्ये कोन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात क्विकचेक लिहिलं. टाइप बघून नमुने तयार करायचं काम टाइप क्लास करतात, आणि नियम एका ओळीत मांडता येतो कारण फंक्शन शुद्ध असतं, म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देतं. एफएसचेक ही त्याचीच डॉट नेटवरची आवृत्ती, आणि एफ शार्प एमएलच्या घराण्यातली. आमच्या रोजच्या सी शार्प भाषेतली जेनेरिक्ससुद्धा (एकच कोड अनेक टाइपसाठी वापरायची सोय) एफ शार्प बनवणारे डॉन साइम आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू केनेडी यांच्या कामातून, 2005 मध्ये आली.

दुरुस्ती करताना मी एडिंबरोचीच युक्ती वापरली. एलसीएफमध्ये सिद्ध झालेलं प्रमेय हा स्वतंत्र टाइप होता. त्याचं मूल्य फक्त अनुमानाचे नियमच बनवू शकत. बाकी प्रोग्राममध्ये कितीही चुका असोत, खोटं प्रमेय तयार करणं टाइपच्या नियमांमुळे शक्यच नसे. मी 'पक्की नोंद' असा टाइप केला. तो बनवणारं फंक्शन एकच, आणि ते दर रिकामा दिसला की दरपत्रकातूनच घेतं. तिथेही नसेल तर नोंद नाकारून दिवाणजींना क्वालिटी विचारतं. पगार काढणारं फंक्शन पक्की नोंद सोडून दुसरं काही स्वीकारत नाही. चालू दर नावाची वस्तूच उरली नाही. उलट्या क्रमाचा तोच नियम नव्या कोडवर चालवला, आणि तो टिकला.

दुसऱ्या दिवशी मामांना पूर्ण पगार मिळाला. मग आम्ही मागच्या नोंदी नव्या फंक्शनमधून काढल्या, तेव्हा आणखी काही विणकरांचे पैसे बुडालेले दिसले, काहींना जास्त गेलेले दिसले. मालकांनी कमी पडलेले पैसे द्यायचं आणि जास्तीचे परत न मागायचं ठरवलं. दिवाणजींनी फरकाची यादी स्वतः प्रत्येक मागापाशी जाऊन वाचून दाखवली.

आता सुताच्या स्टॉकचं काम हाती घ्यायचंय. तिथे किलो, पोती आणि कोन (सुताच्या गुंडाळ्या) एकाच रकान्यात मिसळलेत. एफ शार्पमध्ये संख्येला एकक जोडता येतं, आणि किलोत कोन मिळवायला गेलं तर कंपायलरच अडवतो. ही सोयही केनेडी यांच्या संशोधनातून आलेली. ज्युनिअरनं त्याची सुरुवात केलीय. सोबत ह्यूज यांचा फंक्शनल प्रोग्रामिंगवरचा 1989 चा निबंध ती रोज जेवणाच्या सुट्टीत थोडा थोडा वाचते आणि अडलं की मला विचारते. काही उत्तरं शोधायला मलाही तो पुन्हा उघडावा लागतो.