घरासाठी रायफलचं काडतूस कोणतं?

अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी वरचेवर विचारतात: घराच्या रक्षणासाठी पहिलीच रायफल घेतोय, काडतूस कोणतं घ्यावं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी व्हिसा बघा. एच-वन-बीवर असाल तर तिथल्या संघीय कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं, असे मोजकेच अपवाद. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. मग आपल्या राज्याचे नियम वाचा.

माझं उत्तर पॉइंट २२३ रेमिंग्टन. कारण तिथल्या घरांच्या भिंती. लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा ठोकला की झाली भिंत. पलीकडे मुलं झोपलेली असतात. पॉइंट ३०८ या मोठ्या काडतुसाची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी अशा भिंती एकामागून एक पार करत शेजाऱ्याच्या घरात शिरेल. २२३ची ५५ ग्रेनची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण १६ इंची नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. फुलणारी, मऊ टोकाची गोळी घेतलीत तर ती आदळताच फुटते, कलंडते आणि जड गोळीपेक्षा लवकर दम सोडते. तरी भिंत तिला थांबवते असं समजू नका. एक-दोन भिंती तीही ओलांडते. म्हणून कुठून कुठल्या दिशेला नेम धरता येईल आणि त्या रेषेत कुणाची खोली येते, हे दिवसाउजेडी घरभर फिरून ठरवा. सरावाला मात्र स्वस्त, पूर्ण तांब्याच्या वेष्टणाची गोळी चालते.

दुकानात नळीवर कोरलेली अक्षरं स्वतः वाचा. '५.५६ नाटो' किंवा '२२३ वाइल्ड' असेल तर २२३ आणि त्याचं लष्करी जुळं ५.५६, अशी दोन्ही काडतुसं चालतात. नुसतं '२२३' असेल तर ५.५६ घालू नका. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण २२३च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, गोळीपुढची मोकळी जागा कमी असते आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो.

३०० ब्लॅकआउट छान काडतूस आहे, पण पहिल्या खरेदीत नको. ते २२३च्याच मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या पेटीत) बसतं. चुकून २२३च्या नळीत गेलं आणि बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा लोखंडी दांडा) बंद झाला, तर जाड गोळी बारीक नळीत अडकून रायफल फुटते.

निवडलेल्या काडतुसाच्या निदान शंभर-दोनशे गोळ्या आपल्याच रायफलमधून झाडून बघा, अडकतात का ते कळेल. कानाला संरक्षण हवंच. बंद खोलीत एकाच आवाजाने कान कायमचे अधू होऊ शकतात. एआर-१५ या लोकप्रिय रायफलच्या धाटणीच्या (थोडक्यात एआर) रायफलची दुर्बीण नळीच्या सुमारे अडीच इंच वर असते, म्हणून खोलीतल्या अंतरावर गोळी नेमाच्या तितकीच खाली लागते. हे कागदावर मारून पाहा.

आणखी एक. तेच काडतूस भरायचं, काढायचं, पुन्हा भरायचं, असं वारंवार केलं तर गोळी काडतुसाच्या पितळी नळकांड्यात आत दबते आणि दाब वाढतो. एआरमध्ये प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, बारीक खळगाही पडतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडून बघा. बुटकं दिसलं की बाजूला काढा, झाडू नका.