आमची वाटचाल : गोणीपासून ग्रॅमपर्यंत

लाल भोपळा आणि स्क्वॅश यांच्या खताचा हिशेब मातीच्या अहवालावरून करून देणं, एवढंच आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवात मात्र खतविक्रीपासून झाली. तेव्हा सगळ्यांना एकच शिफारस जायची: हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन), 50 किलो स्फुरद (फॉस्फरस), 50 किलो पालाश (पोटॅश). हे आकडे चुकीचे नव्हते, आजही आमचा हिशेब तिथूनच सुरू होतो. चूक होती ती जमीन न बघता ते तसेच्या तसे उतरवण्यात.

भोपळ्याला नत्र जास्त झालं की वेल माजतो. पानं ताटाएवढी, रंग गर्द, शेंडे लांबच लांब. पण मादी फुलं उशिरा येतात आणि तीही मोजकी. बांधावरून बघणारा वेलाचं कौतुक करतो, फळं मोजायला आत गेलं की खरं चित्र कळतं. शिवाय नत्र उशिरापर्यंत मिळत राहिलं तर फळ पक्व व्हायला वेळ लागतो, साल नीट टणक होत नाही आणि साठवणीत माल टिकत नाही. म्हणून गोणी विकण्याआधी माती बघायची, हा आमच्या कामातला पहिला बदल.

माती बघायची म्हटल्यावर पहिली अडचण प्रयोगशाळेत नाही, नमुन्यात येते. अर्धा किलो मातीवर अख्ख्या शेताचा निर्णय घ्यायचा असतो, त्यामुळे इथे आम्ही फार काटेकोर असतो. नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढायची. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. पत्र्याची जस्त चढवलेली बादली नको, जस्ताचा आकडा फुगतो. खताच्या रिकाम्या पिशवीत तर नमुना कधीच भरायचा नाही. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि मागच्या पिकाच्या आळ्यातली जागा वगळायची. माती सावलीत वाळवायची. शेताचा एक भाग हलका आणि एक भारी असेल तर नमुने दोन.

अहवाल हातात आला की सर्वात जास्त गोंधळ एककांचा. काही प्रयोगशाळा स्फुरद मूलद्रव्य म्हणून देतात, काही ऑक्साइड म्हणून. खताच्या गोणीवर मात्र ऑक्साइडचाच आकडा असतो. मूलद्रव्याला 2.29 ने गुणलं की स्फुरदाचा ऑक्साइड, पालाशला 1.2 ने. आकडा पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत किती भाग) असेल तर वरच्या 15 सेंटिमीटर थरासाठी 2.24 ने गुणून हेक्टरी किलो मिळतात. स्फुरद कोणत्या पद्धतीने काढला हेही बघावं लागतं. उदासीन आणि विम्ल (अल्कलीयुक्त) जमिनीला ओल्सेनची पद्धत, आम्ल जमिनीला ब्रेची. एकीच्या मर्यादा दुसरीला लावल्या तर सगळं गणित फसतं.

एक अहवाल उघडून बघू. सामू (पीएच) 7.2, सेंद्रिय कर्ब 0.62 टक्के, ओल्सेन स्फुरद हेक्टरी 28 किलो, पालाश हेक्टरी 96 किलो, दोन्ही मूलद्रव्य रूपात. नत्राचा अंदाज कर्बावरून घेतात; कर्ब 0.5 ते 0.75 च्या मध्ये, म्हणजे नत्र मध्यम. स्फुरद 25 च्या वर, म्हणजे जास्त. पालाश 110 च्या खाली, म्हणजे कमी. हाच 28 चा आकडा ऑक्साइड समजून वाचला तर स्फुरद मध्यमात बसतो आणि शेतात गरजेपेक्षा जास्त पडतो; खरा ऑक्साइड 64 किलो आहे.

आमचा नियम साधा आहे: मध्यमाला पूर्ण शिफारस, कमी असेल तर सव्वापट, जास्त असेल तर पाऊणपट. या शेताला त्यामुळे नत्र 100, स्फुरद 37.5 आणि पालाश 62.5 किलो. स्फुरद डीएपीतून (डायअमोनियम फॉस्फेट) द्यायचा तर 46 टक्क्यांनी 81.5 किलो डीएपी, त्यातून सुमारे 15 किलो नत्र आपोआप येतं. उरलेल्या 85 किलो नत्राला 185 किलो युरिया. पालाशला 60 टक्क्यांचं म्युरेट (म्युरेट ऑफ पोटॅश) 104 किलो.

इथवर सगळेच करतात. शेतात मात्र हे किलो कोणी मोजत नाही, तिथे मूठ चालते, आणि मुठीमुठीत फरक असतो. म्हणून आमच्या कागदावर शेवटची ओळ ग्रॅमची असते. अडीच मीटर बाय एक मीटर लागवडीत हेक्टरी 4000 वेल बसतात. म्हणजे वेलाला डीएपी 20 ग्रॅम, युरिया 46 ग्रॅम, म्युरेट 26 ग्रॅम. खताचं माप म्हणून जे छोटं झाकण वापरायचं, ते त्याच खताने भरून एकदा काट्यावर तोलून घ्यायचं. युरियाचं आणि डीएपीचं माप एकच धरून चालत नाही.

हे तीन खेपांत जातं. लागवडीला डीएपी सगळं, युरिया 10 ग्रॅम आणि म्युरेट 13 ग्रॅम, बियाच्या बाजूला 5 सेंटिमीटर आणि त्याखाली 5 सेंटिमीटर. बियाला खत टेकलं तर क्षारांनी कोंब करपतो आणि मग दोष बियाण्याला लागतो. वेल पळायला लागला, साधारण 25 ते 30 दिवसांनी, युरिया 18 ग्रॅम, खोडापासून 20 ते 25 सेंटिमीटरवर गोल चरात. फळं धरू लागली की उरलेला 18 ग्रॅम युरिया आणि 13 ग्रॅम म्युरेट, अजून लांब, कारण तोवर मुळं पसरलेली असतात. प्रत्येक वेळी मातीने झाकायचं आणि पाणी द्यायचं. ओल्या, उबदार, विम्ल जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो.

शेणखत दिलं असेल तर ते वजा करायला विसरू नये. 10 टनांत साधारण 50 किलो नत्र असतं, पण पहिल्या हंगामात त्याचा तिसरा हिस्साच हाती लागतो; पालाश मात्र बराचसा लगेच मिळतो. वर्षानुवर्षं भरपूर शेणखत घातलेल्या शेतात स्फुरद इतका जास्त सापडतो, की तिथे पाऊणपटही न देता आम्ही डीएपी काढूनच टाकतो.

सामू 6 ते 6.8 असेल तर पीक खूश. त्याखाली असेल तर चुना लागवडीच्या दोन-तीन महिने आधी. चुना आणि युरिया कधी एकत्र नाही.

खताचा दोष नसलेल्या तक्रारीच जास्त येतात. मुठीएवढं होण्याआधीच फळ पिवळं पडून गळलं, तर बहुतेक वेळा परागीभवन झालेलं नसतं. फुलं सकाळी उमलतात आणि नेमकी त्याच वेळी फवारणी केली की मधमाशा फिरकत नाहीत. फळाच्या टोकाकडचा भाग काळा पडून सडला, तर पाण्यात ओढाताण झाली असण्याची शक्यता मोठी. कॅल्शियम जमिनीत असतं, पण फळापर्यंत पोहोचत नाही. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी, जुन्या पानांत शिरा हिरव्या ठेवून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. हलक्या जमिनीत पालाश ओतला की मॅग्नेशियमची ही तूट हमखास दिसते. तेच पिवळेपण कोवळ्या पानांवर असेल तर लोह बघायचं.

बोरॉनबाबत आम्ही हात आखडता ठेवतो. अहवालात 0.5 पीपीएमच्या खाली असेल तरच हेक्टरी 9 किलो बोरॅक्स, म्हणजे सुमारे 1 किलो बोरॉन. पुरेसं आणि विषारी यांत अंतर थोडं, त्यामुळे पुढच्या वर्षी तपासल्याशिवाय पुन्हा नाही.

ठिबक आलं तेव्हा हप्ते आठवड्याचे झाले, हिशेब तोच राहिला. एकच सांगणं: कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट किंवा सल्फेटच्या टाकीत मिसळायचं नाही. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात.

झुकिनीसारख्या झुडपी स्क्वॅशला हा कागद जसाच्या तसा लागू होत नाही. झाडं जवळ असतात, दर वेलाचे ग्रॅम घटतात, आणि दोन-तीन दिवसांआड तोडणी चालू असल्याने नत्र थोडं थोडं शेवटपर्यंत द्यावं लागतं.

पीक निघालं की पुढचा नमुना आळ्यांच्या मधल्या जागेतून, आणि पिशवीवर मागच्या हंगामात वेलाला दिलेले ग्रॅम लिहून.