काचेला चिकटलेला फोटो मी सोडवून का देत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरातली जुनी फ्रेम मागून उघडली, फोटो काचेला चिकटून बसलाय, ओढून निघत नाही, तर तो सोडवून द्याल का, हा तुमचा प्रश्न. मी नाही म्हटलं की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "जुने फोटो नीट करायचं काम करता ना, मग एवढं साधं कसं जमत नाही?"

जमतच नाही असं नाही. कधीकधी जमतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

छापील फोटोतलं माणूस कागदावर नसतं. कागदावर जिलेटिनचा एक थर असतो, केसाहूनही पातळ, आणि माणूस त्या थरात असतं. कृष्णधवल फोटोत चांदीच्या कणांनी, रंगीत फोटोत रंगद्रव्यांनी. हे जिलेटिन कितीही जुनं झालं तरी हवेतला ओलावा ओढत राहतं. दमट दिवसांत ते फुगतं आणि चिकट होतं, कोरड्या दिवसांत आकसतं. फ्रेमची पाठ फोटोला काचेवर दाबून धरत असते, म्हणजे ते चिकट होतं तेही काचेवर आणि वाळतं तेही काचेवर. अशी काही वर्षं गेली की थराची काचेवरची पकड कागदावरच्या पकडीपेक्षा घट्ट होते. मग ओढलात तर कागद तुमच्या हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो.

किती चिकटलाय ते ओढून बघायची गरज नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च काचेच्या बाजूने अगदी तिरकी धरा. चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, मोकळा भाग फिकट. बहुतेक वेळा ते डाग चेहऱ्यावर आणि छातीवरच असतात, कारण फोटो मधोमध फुगून काचेला टेकलेला असतो. कडा मोकळ्या दिसतात म्हणून हुरूप येतो, आणि कडेपासून सोलत गेलात की बरोबर चेहऱ्यापाशी अडतो.

आता तुम्ही ऐकून आलेले उपाय. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा: गोंद असता तर तो मऊ झाला असता, पण इथे गोंद नाही, फोटोचाच थर आहे. गरम हवेने कागद कोरडा होऊन वळतो आणि वळताना थराला ओढतो. फ्रीझर: थंडीत काच, कागद आणि जिलेटिन वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, थराला तडे जातात. ब्लेड किंवा दोरा मधून फिरवणं: ही युक्ती चिकट पानांच्या अल्बमसाठी आहे, तिथे फोटो पाठीने चिकटलेला असतो आणि पाठीमागून दात साफ करायचा दोरा हलकेच फिरवला तर निघतो. इथे फोटो तोंडाने चिकटलाय. दोरा तोंडावरून फिरेल.

राहिलं पाणी. पाण्याबद्दल मी आधी फार खात्रीने बोलायचे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पाण्याचा विचार चुकीचा नाही. जिलेटिन पुन्हा ओलं झालं की फुगतं आणि काच सोडू शकतं. फोटो प्रयोगशाळेत धुतला गेला तेव्हाही पाण्यातच होता. खोलीच्या तापमानाचं पाणी, सपाट ट्रे, काचेसकट फोटो बुडवायचा, वाट बघायची, कड आपोआप उचलली गेली तरच पुढे जायचं, ओढायचं नाही. गरम पाणी अजिबात नाही, त्यात जिलेटिन विरघळायला लागतं. या रीतीने फोटो सुटलेले आहेत. म्हणूनच खात्री वाटत होती.

मग तो कृष्णधवल फोटो आला. एका बाईंचा, साधारण पोस्टकार्डाएवढा, घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. काचेवर दोन ठिकाणी चकचकीत डाग, एक गालावर, एक खांद्याजवळ. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, करड्या रंगाचे बारीक ठिपके होते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या कडांचे. ते मी पाहिले होते. धूळ समजून सोडून दिले.

ती बुरशी होती. बुरशी जिलेटिन खाते, म्हणजे ते फोडून त्याचे लहान तुकडे करते, आणि असं फोडलेलं जिलेटिन फुगून थांबत नाही, पाण्यात सुटून जातं. वरून फोटो धडधाकट दिसतो, आतून थर गेलेला असतो. फोटो पाण्यात गेल्यावर पहिली वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग खालची कड उचलली गेली, आणि हे ठीक चाललंय असं वाटलं. त्यानंतर पाण्याला किंचित तपकिरी झाक आली. कोपऱ्यातून एक पापुद्रा सुटला, पाण्यात उलगडला, त्यावर पदराची किनार स्पष्ट दिसत होती. ट्रे हलवू नये म्हणून हात मागे घेतला, पण पाणी तेवढ्यानेही हललं. पापुद्रा दुमडला आणि विरला. मग खांदा. मग गाल, डाग होता तिथून, एका बाजूने. कागद खाली पांढरा होत गेला. पापुद्रा चिमट्याने धरता येत नाही, धरला की चिमट्याभोवती चिखल होतो. ट्रे रिकामा करता येत नाही, कारण पाण्याबरोबर सगळंच जाईल. तसंच उभं राहून बघावं लागतं.

शेवटी काचेवर कपाळ आणि एक डोळा राहिला, आणि ट्रेमध्ये कोरा कागद.

बुरशी ओळखता आली नाही हे मी स्वतःला कधीतरी माफ करीन. पण पाण्यात घालण्याआधी त्या फोटोचा काचेतून फोटो घेतला नव्हता, ते मला आजही सोडत नाही. पाच मिनिटांचं काम होतं. फोटो सुटल्यावर चांगला स्कॅन करायचाच आहे, मग आत्ता कशाला, असा विचार होता. त्या घरातल्या माणसांनी मला एका शब्दाने बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून आता नाही म्हणते. तुम्हाला ते तुमच्या माणसाला नाही म्हटल्यासारखं लागतं, हे मला कळतं. "कॉपी नको, तोच फोटो हवा, ज्याला त्यांचा हात लागलाय तो," असं म्हणता तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. कॉपीच्या मागे कोणाच्या अक्षरात तारीख नसते. फक्त एवढंच सांगते की काच आता त्या फोटोचा भाग झाली आहे. तिच्यासकट तो फोटो तोच आहे.

काय करून देते ते सांगते, घरीही करता येईल. फ्रेम मऊ टॉवेलवर पालथी ठेवा. मागचे खिळे पकडीने सरळ वर ओढा, पकडीखाली पुठ्ठ्याची पट्टी ठेवा म्हणजे फ्रेम दबणार नाही. पाठीचा बोर्ड काढा. फोटो आपोआप सुटा निघाला तर उत्तम, नाही निघाला तर तिथेच थांबा आणि काच-फोटो एकत्रच उचला. काचेची बाहेरची बाजू पुसायची तर फडकं किंचित ओलं करून पुसा. काचेवर फवारा मारू नका, थेंब कडेने आत ओढला जातो आणि नेमका तिथे नवा डाग पडतो.

स्कॅनर वापरणार असाल तर तो कोणत्या जातीचा आहे ते बघा. पातळ, हलके, यूएसबीच्या वायरीवरच चालणारे स्कॅनर बहुधा सीआयएस पद्धतीचे असतात. त्यांना फक्त काचेला टेकलेलं स्पष्ट दिसतं, आणि तुमचा फोटो फ्रेमच्या काचेच्या जाडीएवढा, साधारण 2 मिलिमीटर, वर आहे. तो धूसर येणार. जाड, जड, सीसीडी पद्धतीच्या स्कॅनरला ही खोली पेलते. 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके, 4 बाय 6 इंचांचा फोटो 2400 बाय 3600 पिक्सेल होतो, ते पुरेसं आहे. पासपोर्टएवढा असेल तर 1200 ठेवा. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपेग. मात्र काचेवर काच ठेवली की कधीकधी इंद्रधनुष्यासारखी वलयं येतात. आली तर स्कॅनर सोडा आणि कॅमेरा घ्या.

कॅमेरा वरून सरळ खाली रोखा. तो समांतर आहे का ते बघायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. दोन सारखे दिवे दोन बाजूंनी 45 अंशांत, फ्लॅश बंद. कॅमेऱ्यासमोर काळं कापड, लेन्सपुरतं भोक पाडून, नाहीतर काचेत कॅमेराच दिसेल. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8, टायमर 2 सेकंद. फोन असेल तर जवळ जाऊ नका, लांब राहून दुपटीने झूम करा. काच फोटोहून मोठी असेल तर बाहेर उरलेल्या पट्टीखाली पांढरा कागद सरकवा, जुन्या काचेची हिरवट झाक नंतर काढायला तो खूण म्हणून उपयोगी पडतो.

यातली एक गोष्ट मला अजूनही आनंद देते. फ्रेमची पट्टी फोटोची कड चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर झाकते. फ्रेम उघडली की ती झाकलेली कड पहिल्यांदा उजेडात येते, न फिकटलेली, बाकीच्या फोटोपेक्षा गडद. कधी तिथे दाराची चौकट असते, कधी काहीच नाही. आणि कधी एखाद्या लहान मुलाची चार बोटं, आईच्या कमरेजवळ. घरातल्या कोणालाच ठाऊक नसतं की तो फोटोत होता.

आता माझंच जुनं मन माझ्याशी भांडतं ते. ते म्हणतं, थांबणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. दरवर्षी ओलावा येणार, थर काचेवर ताणला जाणार, डाग पसरत जाणार. दहा वर्षांनी तो आज आहे त्याहून वाईट असेल. हे खरं आहे. बुरशी नाही, हाताने रंगवलेला नाही, शाईचा शिक्का नाही, भिंगाखाली इंकजेट प्रिंटरच्या शाईचे ठिपके नाहीत, असा धड कृष्णधवल फोटो पाण्यात सुटण्याची शक्यता चांगली असते, हेही खरं. कॉपी आधी झाली असेल तर प्रयत्न का करू नये? जुने फोटो जपण्याचं शास्त्र शिकलेल्या संवर्धकाकडे न्यावा, असं मी म्हणते. तेही पुष्कळदा काचेसकट ठेवा म्हणतात. आणि एखाद्या दिवशी मी नाही म्हटलेला एखादा फोटो खरोखर सुटला असता, हे मला मान्य करावंच लागतं.

बाकीचे फोटो तरी वाचवा. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट घाला, खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा, म्हणजे दोघांत हवा राहते. बाहेरच्या भिंतीला आणि न्हाणीघराच्या भिंतीला फ्रेम टांगू नका, टांगलीच तर चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा.

आणि काच आधीच फुटली असेल तर तुकडे उपटू नका, प्रत्येक तुकड्याला थोडा फोटो चिकटलेला असतो. तसाच सपाट फळीवर, तोंड वर करून ठेवा. आणताना आडवा धरून आणा. काच शाबूत असेल तरी दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा, आणि निघण्याआधी फोनवर त्याचा एक फोटो घ्या. कसाही आला तरी चालेल.