पहाटेचं गिऱ्हाईक

प्रवासाच्या बाबतीत मराठी माणसांचे दोन पंथ आहेत. एक टूरबरोबर जाणारा आणि दुसरा ‘आम्ही नाही बुवा टूरबिरने जात, आमचं आम्ही फिरतो’ असं कोणी विचारलेलं नसताना सांगणारा. मी पहिल्या पंथातला. हातात छोटा झेंडा धरून पुढे चालणारा माणूस दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. कुठे वळायचं, किती वाजता जेवायचं, बाथरूम कुठे आहे, या सगळ्याची काळजी वाहायला आज दुसरं कोणीतरी नेमलेलं आहे, ही चैन घरी कुठे मिळते?

आणि मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात तर वाटाड्या हवाच. तिबेटच्या पठारावरून निघालेली ही नदी चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असे देश मागे टाकत चार हजार किलोमीटरहून लांबची वाट चालून दक्षिण व्हिएतनाममध्ये उतरते आणि समुद्र जवळ आल्यावर फाटे फुटून पसरते. व्हिएतनामी लोक तिला नऊ ड्रॅगनांची नदी म्हणतात, म्हणजे नऊ मुखांची. त्या फाट्यांना माणसांनी खणलेल्या कालव्यांची जोड मिळाली. काही राजांनी खणले, बरेच फ्रेंचांनी. तिथे पाण्यालाच गल्ल्या आहेत, बोळ आहेत, चौक आहेत, फक्त कोपऱ्यावर पाटी नाही.

आमची टूर कान थो शहरातून निघाली. मेकाँगचाच एक फाटा असलेल्या हाउ नदीच्या काठचं हे या प्रदेशातलं सगळ्यात मोठं शहर, हो ची मिन्ह सिटीपासून साधारण १७० किलोमीटरवर. निन्ह किएउच्या धक्क्यावर हो ची मिन्हचा पुतळा आहे आणि पहाटे पाचला त्याच्या समोर आमच्यासारखे जांभया देणारे, छातीवर स्टिकर लावलेले लोक गोळा होतात. पाचला का, तर बाजाराला आपल्या झोपेशी देणंघेणं नसतं. काइ रांगचा तरंगता बाजार उजाडता उजाडता भरतो आणि ऊन चढायला लागलं की विरळ होतो. गाइड विशीतला, बोलका. स्वतःचं नाव आम्हाला उच्चारता येणार नाही हे गृहीत धरून त्याने एक सोपं इंग्रजी नाव घेतलं होतं. होडीत बसताक्षणी नाशिकच्या काकांनी त्याला व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा तो प्रश्न विचारला: तुमच्या लोकांनी अमेरिकेशी लढताना शिवाजी महाराजांची प्रेरणा घेतली होती ना? गाइडने हात जोडले, हसला आणि म्हणाला, आम्हाला शाळेत आमचा सेनापती चान हुंग दाओ शिकवतात. १२८८ साली बाख दांग नदीत लाकडी खुंट रोवून ठेवले, भरतीला मंगोलांची जहाजं आत येऊ दिली, आणि ओहोटी लागल्यावर ती त्या खुंटांवर अडकली. काका क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे गनिमी कावाच की!’ दोन्ही बाजूंचं समाधान झालं.

धक्क्यापासून बाजार पाच-सहा किलोमीटर. वाटेत जलपर्णीचे पुंजके दिसले तेव्हा आमच्यातले पुणेकर एकदम घरच्यासारखे बोलायला लागले. मुळा-मुठेत आणि पवनेत हीच वनस्पती वर्षानुवर्षं यंत्रं लावून उपसली जाते. इथे भरतीबरोबर ती वर येते, ओहोटीबरोबर खाली जाते, आणि होडीवाले इंजिनाच्या पंख्याचा लांब दांडा पाण्याबाहेर उचलून तिचा गुंता झटकून टाकतात. शिवाय तिचे देठ वाळवून टोपल्या आणि चटया विणतात. पुणेकरांनी लगेच फोटो काढले. ते महापालिकेतल्या कोणाला पाठवायचे यावर थोडी चर्चाही झाली.

आधी लांबून बांबू दिसतात, होड्या नंतर. प्रत्येक मोठ्या होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, एक उंच बांबू उभा असतो आणि त्याला माल टांगलेला असतो. या बांबूला कै बेओ म्हणतात. अननसाच्या होडीवर अननस, भोपळ्याच्या होडीवर भोपळा, कोबी, रताळी, कलिंगड. नदीच्या पात्रात, इंजिनांच्या घरघरीत, ओरडून कोणाला काय ऐकू येणार? म्हणून ही दुकानाची पाटी. अक्षरओळख नको, भाषा नको. लांबून बघितलं की कळतं, आपली होडी कुठे वळवायची.

नियम सोपा, जे टांगलंय ते विकायला आहे. पण गाइडने डोळे मिचकावून सांगितलं की याला अपवाद आहेत आणि खरी गंमत त्यातच आहे. टांगलंय पण विकायचं नाही, असे म्हणजे वाळत घातलेले कपडे. ही माणसं होडीतच राहतात. मागच्या बाजूला चूल, अँटेना, कुंडीत मिरचीचं रोप, टपावर झोपलेला कुत्रा, आणि दोरीवर सगळ्या घराचे कपडे. टांगलेलं नाही पण विकायचं आहे, ते म्हणजे सूप नि कॉफी, कारण सूप टांगायचं कसं? आणि तिसरा अपवाद. बांबूला झावळी बांधलेली असली तर झावळी विकायची नसते, होडीच विकायची असते. घर, दुकान, इंजिन, सगळं एकत्र.

हे ऐकल्यावर मी बाजारात फळं बघायची सोडून झावळ्या शोधायला लागलो.

डोंबिवलीच्या काकू मात्र कामाला लागल्या होत्या. त्यांनी एका होडीवरच्या कोबीकडे बोट दाखवून भाव विचारला. होडीवरच्या बाईने कॅल्क्युलेटर पुढे केला. काकूंनी एक बोट वर केलं, ‘एकच.’ बाई आधी समजली नाही, मग समजली आणि इतकी हसली की मागच्या होडीतल्या बाईलाही तिने ते सांगितलं. हा घाऊक बाजार. इथे मोठ्या होड्या बागायतीतला माल आणतात आणि छोट्या होड्यांचे व्यापारी तो पोत्यांनी उचलून आपापल्या गावच्या कालव्यात नेऊन विकतात. सुटा कोबी मागणं म्हणजे वाशीच्या मार्केटमध्ये ट्रकसमोर उभं राहून चार मिरच्या मागणं. काकू हार मानणाऱ्या नव्हत्या. ‘मला घ्यायचा नाहीये, भाव कळला पाहिजे,’ असं त्या मला मराठीत म्हणाल्या.

आमच्यासारख्यांसाठी वेगळ्या होड्या आहेत. तुमच्या होडीला आकडा लावून त्या बिलगतात, तुमच्याबरोबर वाहत राहतात, आणि तेवढ्या वेळात चुलीवरचं आधण, वाटीतल्या हू तिएउच्या शेवया, वर हिरवा पाला, हे सगळं एकही थेंब न सांडता तुमच्या हातात येतं. कॉफीवालीकडे घट्ट गोड दुधावर ओतलेली काळी कॉफी आणि बर्फ. अननसवाली देठ न तोडता अननस सोलते, डोळे काढताना सुरी अशी तिरकी फिरवते की फळावर नागमोडी खाचा उठतात, आणि देठ धरून तो तसाच खायचा. पैसे देताना आपण क्षणभर श्रीमंत होतो. एक लाख डाँगची नोट काढून नाश्ता घ्यायचा आणि ती संपली तरी खिशातून जेमतेम साडेतीनशे रुपये गेलेले असतात.

आमच्यात एक तरुण दुसऱ्या पंथातला होता, ऑफिसच्या सुट्टीत दिवस कमी म्हणून नाइलाजाने टूरमध्ये शिरलेला. त्याने कॉफी घेता घेता नेहमीचं वाक्य टाकलं, ‘आता हे सगळं टुरिस्टांसाठीच उरलंय. खरं काही नाही.’

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. बाजार आटतोय. पूर्वी या मुलखात बाग ते गिऱ्हाईक हा रस्ता पाण्यातूनच जायचा, कारण दुसरा रस्ताच नव्हता. नदीच्या रुंद फाट्यांवर फेरीबोटी चालायच्या, त्यांच्यासाठी ट्रक ताटकळत उभे असायचे. मग २००० साली ‘मी थुआन’ नावाचा पूल झाला. कान थोचा पूल २०१० मध्ये सुरू झाला. त्याआधी २००७ मध्ये, काम चालू असताना, त्याचा एक भाग कोसळून पन्नासहून जास्त कामगार गेले होते. आता अननस संध्याकाळी ट्रकमध्ये चढला की रात्रीत हो ची मिन्ह सिटीला पोहोचतो. त्याला मध्ये नदीत थांबायचं कारण राहिलेलं नाही. होडीवर वाढलेली मुलं काठावर शाळेत गेली, शिकली, कारखान्यात लागली. २०१६ मध्ये सरकारने काइ रांगच्या बाजाराला राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. चाललेल्या धंद्याला असा दर्जा देण्याची वेळ सहसा येत नाही.

पण ‘टुरिस्टांसाठी उरलंय, म्हणून खोटं’ हे मला पटत नाही. खरं काय हवं होतं त्याला? आपल्याला न बघता, आपल्याकडून काही न घेता, बायकांनी पहाटे उठून रताळी विकत राहावं आणि आपण झुडपाआडून बघावं? बाजारात नुसता बघ्या हा सगळ्यात निरुपयोगी प्राणी. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात वाटेत उभा राहून जो काही घेत नाही त्याला कोपरानेच बाजूला करतात. टूरने मला इथे निदान गिऱ्हाईक म्हणून आणलं होतं. त्या कॉफीवालीचा आणि माझा संबंध स्वच्छ होता. तिला माझे पैसे हवे होते, मला तिची कॉफी. तिची आई कदाचित पोतं उचलणाऱ्या हमालांना कॉफी विकत असेल, ती मला विकते. गिऱ्हाईक बदललं. होडी बदललेली नाही, आकडाही तोच. पाण्यावर पोट भरायचं तर बांबूला काय टांगायचं हे दर पिढीला नव्याने ठरवावं लागतं, आणि या पिढीने बाजारच टांगला आहे.

एक झावळी मला शेवटी दिसली. बाजाराच्या टोकाला, जुनाट होडी, नाळेवर रंगवलेले डोळे पुसट झालेले. नदीतल्या जनावरांना घाबरवायला हे डोळे काढायचे म्हणे. गाइडला विचारलं, ही घेतंय कोण? तो म्हणाला, कोणी हॉटेलवाला घेईल, काठावर ओढून त्यात टेबलं मांडेल.

त्यानंतरचा शेवयांचा कारखाना मी पटकन सांगून टाकतो, कारण टूरमध्येही तो तसाच उरकला. तांदळाचं पीठ वाफेवर पातळ पसरायचं, बांबूच्या जाळीवर उन्हात वाळवायचं, मग यंत्रातून कापायचं. पर्यटकांनी एकेक पोळी पसरून बघायची. ज्यांच्या फाटल्या त्यांनीच जास्त फोटो काढले.

मग कोन सोन. हाउ नदीतलं हे गाळाचं बेट, शहराजवळच, होडीने थोड्याच मिनिटांत येतं. घरं थोडी, फळबागा जास्त. इथल्या लोकांनी पर्यटन आपापसांत वाटून घेतलं आहे. एका घरी तांदळाच्या वड्या शिकायच्या, दुसऱ्या घरी बाग बघायची, तिसऱ्या घरी मासे. हे मासे म्हणजे आपली मरळ. तळ्याच्या काठावर काठीला खाद्य लावून धरलं की मरळ पाण्यातून उसळी मारून ते हिसकावते. एकामागून एक उड्या, पाण्याचे शिंतोडे, काकांचा चष्मा ओला. मरळ चिवट, हे आपल्याला ठाऊक असतं, पण तिला अशी हवेत झेपावताना मी पहिल्यांदा पाहिली.

जेवणही वाटून. यजमानांच्या अंगणात ताट मांडलेलं, पण प्रत्येक पदार्थ वेगळ्या घरातून येतो. ज्या घराचा जो हातखंडा तो त्या घराने करायचा, आणि बायका झाकलेली ताटं घेऊन पायवाटेने येतात. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि आमच्यातल्या शाकाहाऱ्यांचं नशीब उघडलं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथली अनेक बौद्ध घरं मांस-मच्छी करत नाहीत. त्यामुळे ‘नो फिश सॉस प्लीज’ हा आदल्या दिवसाचा मंत्र जपावा लागला नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद घालून केलेलं कुरकुरीत बान सेओ आलं, आत मोड आलेले मूग आणि अळंबी. डोंबिवलीच्या काकूंनी तुकडा मोडला, चावला आणि जाहीर केलं, ‘घावन आहे. हळद जरा जास्त झालीय.’

गाइड अधूनमधून काळजीच्या गोष्टीही सांगत होता. हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच. वरच्या देशांत धरणं झाली, गाळ कमी आला, वाळू उपसली गेली, जमीन खचते आहे. २०१६ आणि २०२० च्या उन्हाळ्यात खारं पाणी नदीतून फार आत घुसलं, भातं आणि बागा करपल्या. नऊ मुखांपैकी एक गाळाने बुजलं आणि एकावर बांध-दरवाजे बसले, तरी नाव नऊ ड्रॅगनांचंच आहे. हे सगळं तो न अडखळता सांगत होता, रोजचं पाठ असल्यासारखं, पण बागेतल्या पोमेलोच्या, म्हणजे पपनसाच्या, बुंध्याशी थांबून मातीचा ढेकूळ उचलला तेव्हा तो थोडा वेळ इंग्रजी विसरला.

जेवणानंतर यजमानीणबाई आमच्याजवळ येऊन बसल्या. सकाळपासून आम्हीच सगळ्यांना भाव विचारत होतो. आता त्यांनी फोन पुढे धरला, त्यात काहीतरी बोलल्या, आणि फोन इंग्रजीत म्हणाला: तुमच्याकडे एक नारळ कितीला?

सोपा प्रश्न. काकू म्हणाल्या, पन्नास. काका म्हणाले, काहीतरीच काय, देवळाबाहेरसुद्धा पन्नासला मिळत नाही आता. कोणीतरी दापोलीला मामांच्या वाडीत फुकट मिळतो असं म्हणालं. त्यावर काढणीची मजुरी कोण देतं, असा सवाल आला. पुणेकरांनी शहाळं की सोललेला, हे आधी ठरवा म्हणून मुद्दा काढला. तो दुसऱ्या पंथातला तरुण ऑनलाइन अॅप उघडून बसला, तिथला भाव सगळ्यांनी एकमताने फेटाळला. रुपयांचे डाँग करताना एक शून्य इकडचं तिकडे झालं आणि बाईंनी डोळे विस्फारून शेजारणीला हाक मारली. शेजारीण तिच्या सासूला घेऊन आली. अंगणातल्या बाकावर बसून त्या तिघी आमचं भांडण बघायला लागल्या. गाइड झेंडा हलवत होडीची वेळ झाल्याचं सांगत होता, आणि काकू त्याला म्हणत होत्या, ‘थांब रे बाळा, नारळाचं ठरल्याशिवाय कोणी उठायचं नाही.’