ओहोटीची वेळ, बैठकीची वेळ

जर्मनीने 2023 मध्ये इतर देशांना द्यायच्या मदतीसाठी स्त्रीवादी विकास धोरण जाहीर केले, तेव्हा त्याचा गाभा हक्क, संसाधने आणि प्रतिनिधित्व या तीन शब्दांत मांडला होता. कॅनडाने असे धोरण 2017 मध्येच स्वीकारले होते. हे शब्द आमच्या वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी कसे उतरतात, ते मला परदेशी निधीच्या एका प्रकल्पाच्या बैठकीत दिसले. ती नेमकी ओहोटीच्या वेळी ठेवली होती, त्यामुळे गुडघाभर पाण्यात तिसऱ्या (खायचे शिंपले) वेचणाऱ्या बायका आल्याच नाहीत. हजेरीपटावर मात्र ‘महिला सहभाग’ असा रकाना होता. (तो भरलाही गेला!) पुढची बैठक भरती पाहून घेतली, तेव्हा एका काकींनी पहिलाच प्रश्न विचारला, “होडी कोणाच्या नावार आसतली?”