नवीन कॉम्प्युटर घेतला, पण ऑफिस कुठलं टाकायचं? : माझा अनुभव

अमळनेरात तहसील कचेरीच्या आसपास दस्त आणि अर्ज टाईप करून देणं हा माझा धंदा. खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र, कधी एखादं मृत्युपत्र. जुन्या मशीनवर विंडोज १० होतं आणि त्यावर ऑफिस २०१०, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वर्ड-एक्सेलचा संच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, थांबवला. ऑफिस २०१० चा तर २०२० मध्येच थांबला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझं मशीन दोन्हीत नापास. लोकांची आधार कार्डं, पॅन, सातबारे ज्या मशीनवर पडलेले असतात ते असं उघडं ठेवणं मनाला पटेना, म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं.

मशीन ठरवायला वेळ लागला नाही. आठ जीबी रॅम, एसएसडी, विषय संपला. डोकं खाल्लं ते ऑफिसने.

जळगावच्या एका दुकानात विचारलं तर उत्तर तयारच: "दादा, ऑफिस फुकट टाकून देतो, टेन्शन नका घेऊ." फुकट म्हणजे क्रॅक, कुलूप तोडलेली चोरीची कॉपी. ते टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा. विप्रो १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, पुढे सॉफ्टवेअर विकून जगभर पोचली, आणि त्याच गावात सॉफ्टवेअरला पैसे मोजतो म्हटलं की लोक अजून हसतात. ऑनलाईन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या 'लाईफटाईम की'चा (ऑफिस चालू करायच्या कोडचा) मोहही झाला. पण त्यातल्या बऱ्याच की मोठ्या कंपन्यांना घाऊक दिलेल्या लायसन्समधून फुटलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टने ती की बंद केली की आपलं ऑफिसही बंद, आणि भांडायचं कोणाशी?

मग सरळ मार्गाने काय मिळतं ते बघितलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ म्हणजे वर्गणीवरचं ऑफिस, दरवर्षी पैसे मागतं. वर्गणी संपली की फाईल उघडते, प्रिंट होते, पण त्यात बदल करता येत नाही. ऑफिस २०२४ एकदाच विकत घ्यायचं, पण एका मशीनपुरतं. त्यातही 'होम' घरगुती वापरासाठी, धंद्यासाठी 'होम अँड बिझनेस', आणि त्याची किंमत चांगलीच जास्त. दुकानदार लॅपटॉपसोबत आलेलं 'होम' दाखवून "यात सगळं आलं" म्हणतो, तेव्हा हा फरक तो सांगत नाही. गुगल डॉक्स फुकट, जागा १५ जीबी, पण ती जीमेल आणि फोटोंसोबत वाटून. शिवाय ज्यांचे दस्त असतात त्यांची कागदपत्रं त्यांना न विचारता इंटरनेटवर चढवणं मला बरं वाटत नाही. आणि लिबरऑफिस: २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं, पूर्ण फुकट, धंद्यासाठी वापरायलाही आडकाठी नाही.

मी किमतींचे कागद मांडून बसलो होतो तेव्हा शेजारचे आबा आले. त्यांनी अर्धं आयुष्य रेमिंग्टनच्या टाईपरायटरवर काढलं. ते म्हणाले, "जिभाऊ, पहिले तुमना जुना कागदं उघडतस का ते देखा. पैसानं मंग देखू."

बोलणं सरळ होतं आणि तेच खरं निघालं. माझ्याकडे वर्षानुवर्षांचे दस्त आहेत. नवीन खरेदीखत कोणी कोऱ्या पानावरून लिहीत नाही. त्याच गटाचं जुनं खत काढायचं, चतुःसीमा तपासायच्या, नावं बदलायची. त्यामुळे जे ऑफिस जुनी फाईल नीट उघडेल तेच माझं. लिबरऑफिस जुन्या मशीनवरही टाकता येतं आणि मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसला धक्का न लावता शेजारी नांदतं, म्हणून खरेदीच्या आधीच तिथे परीक्षा घेतली.

माझ्या निम्म्याहून जास्त फाईली कृती देवमध्ये आहेत. आता हा फॉन्ट म्हणजे काय, तर आतून इंग्रजी अक्षरंच, वरून मराठी मुखवटा. फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी दिसते. लोक म्हणतात लिबरऑफिसमध्ये मराठी बिघडतं. बिघडत नाही. जुन्या मशीनच्या फॉन्ट्स फोल्डरमधून फॉन्टची फाईल उचलून नव्या मशीनवर टाकली की दस्त जसाच्या तसा उघडतो, वर्डमध्येही आणि लिबरऑफिसमध्येही. गुगल डॉक्समध्ये मात्र स्वतःचा फॉन्ट टाकायची सोयच नाही, त्यामुळे ते माझ्या यादीतून तिथेच गळालं.

खरी गंमत पुढे आहे. कृती देवमध्ये अर्धा 'श' अवतरणचिन्हाच्या कळीवर बसलेला असतो. कोणतंही नवीन ऑफिस घ्या, त्यात ऑटोकरेक्ट चालू असतं आणि ते सरळ अवतरणचिन्हाचं आपोआप वळणदार चिन्ह करतं. वळणदार चिन्हाच्या जागी फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी असतं. म्हणजे 'शेतजमीन', 'शिवार', 'शासन' या शब्दांची वाट लागली, आणि खरेदीखतात दुसरे शब्द असतात तरी कुठे? त्यातच वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची सवय. इंग्रजीला ती शोभते. इथे कॅपिटल म्हणजे वेगळंच मराठी अक्षर. वर्ड असो की लिबरऑफिस, ऑटोकरेक्टच्या खिडकीत जाऊन या दोन्ही खुणा काढल्या आणि हा त्रास संपला.

नवीन दस्त मी आता युनिकोडमध्येच करतो, त्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं, फॉन्ट कुठलाही असो. पण जुनं सगळं बदलून घ्यायच्या फंदात पडलो नाही. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर चांगले आहेत, तरी पहिली वेलांटी आणि रफार यांत ते अडखळतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्याहून वाईट म्हणजे मजकुरात मधेच इंग्रजी आलं की कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजतो. एका खतातला पॅन नंबर कसल्याशा मंत्रासारखा झाला होता. नोंदणी झालेल्या दस्तांची पीडीएफ करून ठेवली, म्हणजे उद्या फॉन्ट नसला तरी वाचता येतील. ज्या गटांचं काम पुन्हा पुन्हा येतं तेवढेच दस्त बदलून, ओळ न् ओळ ताडून घेतले.

युनिकोडलाही एक खोच आहे. जुन्या युनिकोड फाईली मंगल फॉन्टमध्ये होत्या आणि नव्या विंडोजमध्ये मंगल, कोकिला, अपराजिता सुरुवातीला नसतात. त्यांच्या जागी निर्मला येतो, ओळींची उंची बदलते, पानं सरकतात. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरी फॉन्टचा संच आहे, तो टाकला की मंगल परत येतो.

पानं सरकणं ही गोष्ट इतरांना किरकोळ वाटेल. आमच्याकडे पहिलं पान स्टँप पेपरचं असतं. वरचा छापील भाग सोडून मजकूर सुरू झाला पाहिजे, नाहीतर पाचशेचा स्टँप गेला. यासाठी आमच्या धंद्यात सर्रास एंटर दाबत खाली येतात. ऑफिस बदललं, फॉन्टची उंची बदलली की ते सगळे एंटर मिळून मजकुराला दोन ओळी वर किंवा खाली ढकलतात आणि शेवटी साक्षीदारांच्या सह्या एकट्याच नव्या पानावर जाऊन बसतात. लिबरऑफिसच्या रायटरने (वर्डच्या जागी असतो तो) मला इथे जिंकलं. त्यात पानाची स्टाईल, म्हणजे एकदा ठरवून ठेवायची मांडणी, असते. 'फर्स्ट पेज'ला कागद लीगल आणि वरचा समास मोठा ठरवून दिला, पुढच्या पानांना साधा, आणि ओळींमधलं अंतर फिक्स केलं. आता नावं कितीही लांब असोत, मजकूर स्टँपच्या खालीच सुरू होतो. वर्डमध्ये हेच सेक्शन ब्रेक टाकून (दस्ताचे वेगळ्या मांडणीचे भाग पाडून) जमतं, पण ते टिकवणं मला जड जातं. एवढं लक्षात ठेवा, रायटरच्या स्टाईलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरवावा लागतो. सेटिंग्जमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'ची खूण केल्याशिवाय ती जागा दिसत नाही.

अडलं ते एक्सेलच्या फाईलवर. रक्कम अक्षरी लिहून देणारा मॅक्रो (फाईलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) होता, तो लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये चालला नाही. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, एकोणसत्तर काय नि एकोणऐंशी काय. म्हणून मॅक्रोचा नाद सोडला, बाजूच्या शीटवर ते नव्व्याण्णव शब्द टाईप केले, रकमेचे कोटी, लाख, हजार, शंभर असे तुकडे पाडले आणि व्हीलुकअपने (तक्त्यातून जुळणारी नोंद शोधणाऱ्या सूत्राने) शब्द उचलले. हे सूत्र एक्सेलमध्येही चालतं. लाखाचा स्वल्पविराम कॅल्कमध्ये भाषा 'इंग्लिश, इंडिया' ठेवली की बरोबर पडतो.

शेवटी नव्या मशीनवर लिबरऑफिसच टाकलं. वकीलसाहेबांकडे फाईल पाठवताना डॉक्सएक्स (वर्डची फाईल) करून पाठवतो. ते लाल रंगात दुरुस्त्या करून परत पाठवतात आणि त्या माझ्याकडे व्यवस्थित दिसतात. आबांनी एक पान टाईप करून बघितलं, रेमिंग्टनच्या मांडणीत युनिकोड टाईप करायचं टूल मागून घेतलं आणि रफार कुठे बसतो यावर माझ्याशी वाद घातला.

एक काम अजून अडतं. एका बँकेचा कर्जाचा फॉर्म मॅक्रोवाल्या एक्सेलमध्ये येतो आणि कॅल्कमध्ये त्याची बटणं नुसती शोभेला राहतात. तेवढ्यासाठी पोस्टाजवळच्या सायबर कॅफेत जातो. कॅफेवाला एका फॉर्मचे तीस रुपये घेतो, आणि ते मी पक्षकाराच्या बिलात लावतो.