ब्रँच बदलायची तर आधी तारीख बघा

बुधवार, रात्र

मेसनंतरच्या गप्पांत आज एकाचा प्रश्न निघाला: मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटरला जावं का? नागपूरकराने उडवूनच लावलं, "एक साल कायले वाया घालवतं बे?" जळगावचा म्हणाला, "भो, आधी तारीख तर पाह्य." लातूरकर "काय करलालास हे" म्हणून चहाकडे वळला. मुद्द्याला हात घातला तो मालवणच्याने: "आधी पैशाची गजाल कर, मेल्या." बोली चार, पण केटी (विषय राहणं) आणि वायडी (वर्ष जाणं) म्हटलं की चौघांचेही चेहरे सारखेच पडतात.

पहिलं वर्ष संपताना त्याच कॉलेजात ब्रँच बदलणं सगळ्यात स्वस्त. पहिल्या वर्षाचे बरेच विषय सामायिक, म्हणून वर्ष जात नाही. मात्र पुढच्या वर्षाला जागा रिकामी हवी, आणि ती गुणांवर मिळते. केटी असेल तर बहुतेक ठिकाणी आशा सोडावी. कॉम्प्युटरची जागा मुळात रिकामी राहते किती? टीएफडब्ल्यूएसमधून आलेल्यांना तर हा रस्ताच नाही, कारण शिक्षण शुल्कमाफीच्या त्या जागेवर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

दुसऱ्या वर्षात मन उडालं आणि सगळं नव्याने सुरू करायचं ठरलं, तर पुन्हा सीईटी (जुना स्कोअर चालत नाही), पुन्हा कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेरी), पुन्हा पहिलं वर्ष.

बीएस्सी, बीकॉम सोडणाऱ्यांसाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त 5 टक्के आणि तेही 5,000 रुपयांच्या आत. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के. तारीख उलटल्यावर 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे शून्य. म्हणजे 60,000 फी असेल तर विसाव्या दिवशी 30,000 हातात येतात, एकतिसाव्या दिवशी काहीच नाही. मुलं फसतात ती दिवस मोजताना: फी भरल्यापासून किंवा लेक्चर सुरू झाल्यापासून मोजतात, त्या शेवटच्या तारखेपासून नाही. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. अनामत रक्कम या टक्केवारीत धरत नाहीत, ती वेगळी मागायची.

खरा फटका मात्र फीचा नसतोच. खोली आणि मेस धरून महिना 8,000 पकडले तरी दहा महिन्यांचे 80,000, शिवाय नोकरी एक वर्ष उशिरा. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरी त्या ठराविक कोर्सला असते. बँकेला आधी कळवलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो.

आणि नवी जागा पक्की होईपर्यंत एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढू नये. एकदा काढली की जुन्या कॉलेजात परतणं फार अवघड.